सुभेदारांनी खोललेला नट

गावात कुणाची मोटर पाणी उचलेनाशी झाली, की घरातली बाई देवाला हात जोडायची आणि गडी सुभेदारांच्या घराकडं पळत सुटायचा. देव यायचा की नाही कोण जाणे, पण सुभेदार हमखास यायचे.

लालासाहेबांनी फौजेत उभी हयात रणगाड्यांची इंजिनं उघडण्यात आणि परत बसवण्यात घालवली होती. सुभेदार म्हणून ते निवृत्त झाले आणि उंब्रजच्या अलीकडं, महामार्गाला चिकटून असलेल्या आपल्या गावात येऊन राहिले. इथं रणगाडे नव्हते, पण कृष्णेचं पाणी उसाला खेचणाऱ्या मोटरी घरटी एक होत्या आणि उन्हाळ्यात नदी खाली गेली की त्या एकजात हवा धरायच्या. मोटर फिरतेय, आवाज करतेय, पाण्याचा मात्र पत्ता नाही. मग सुभेदार पाना घेऊन खाली बसायचे, पंपाच्या डोक्यावरचा नट जरासा सैल करायचे, फुस्स करून हवा निघायची आणि मागोमाग पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या पांढऱ्या मिशांवर उडायची. "आलं, आलं!" म्हणून रानातली माणसं ओरडायची. सुभेदार मिशा पुसायचे आणि फार काही केलं नाही असा चेहरा करायचे. तो चेहरा त्यांना छान जमायचा.

त्यांचा पुतण्या बाळासो यानं महामार्गावर गाड्यांना गॅस भरायचा पंप टाकला, तेव्हा ऑफिसच्या दारात पहिली खुर्ची मांडली ती काकांसाठी. काम असं काही नव्हतं. सकाळी यायचं, येणाऱ्याजाणाऱ्याचा रामराम घ्यायचा, चहा प्यायचा, दुपारी जेवायला घरी जायचं. "आमचे सुभेदारकाका हायती इथं," असं बाळासो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि गिऱ्हाइकांनाही बरं वाटायचं.

खरं काम बघायची ती दीपमाला होवाळ. सांगलीची पोरगी, डिप्लोमा केलेली, गॅसच्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेली. असं कुणीतरी ठेवल्याशिवाय पंप चालवता येत नाही, म्हणून बाळासोनं तिला ठेवलं होतं. ती दिसायला किरकोळ, पण बोलायला फटकळ. गॅसच्या टाकीजवळ फोन काढला म्हणून तिनं एकदा खुद्द बाळासोला सगळ्यांसमोर हटकलं होतं. सुभेदारांना ती "काका" म्हणायची, पण त्यांच्या खुर्चीपुढं घुटमळायची नाही. हे त्यांना खटकायचं. एकदा चहा पिताना ते बाळासोला म्हणाले होते, "ह्या लोकांस्नी सवलतीत समदं मिळतंय गड्या, डिप्लोमाबी आन् तोराबी." बाळासो मोठ्यानं हसला होता. त्या वेळी सुभेदारांना आपण फार मार्मिक बोललो असं वाटलं होतं.

ऑफिसच्या मागं, जाळीच्या कुंपणात गॅसची मोठी पांढरी टाकी होती. तिच्यातून निघालेला पाइप पंपात जायचा आणि पंप तो गॅस पुढं गाड्यांकडं ढकलायचा. हा पाइप उघड्यावर होता. त्याच्यावर पत्र्याची सावली करा, असं दीपमाला बाळासोच्या मागं लागली होती आणि बाळासो "करू की" म्हणत होता. शेवटी उन्हं तापायला लागली तशी तिनं स्वतःच गोणपाटं आणली, पाइपाला गुंडाळली आणि दिवसातून चारदा त्यांच्यावर पाणी मारायला लागली.

"पाइपाला गोधडी कशापायी गं?" सुभेदारांनी विचारलं.

"उन्हामुळं काका. टाकीत गॅस दाबाखाली पातळ असतो, पाण्यासारखा. पाइप तापला की तो पंपात पोचायच्या आधीच उकळतो, त्याची वाफ होते. पंपाला पातळ ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. मग तो नुसताच कोरडा फिरतो आणि जळतो."

"म्हंजे हवा धरतो, म्हण की."

"हवा नाही काका. ती वाफ म्हणजे गॅसच. म्हणून तर ती बाहेर सोडायची नाही, ह्या दुसऱ्या बारक्या पाइपातून परत टाकीत पाठवायची." तिनं त्या पाइपावरची फिरवायची चावी दाखवली. सुभेदारांनी मान हलवली. मनात म्हणाले, नाव काहीही दे, फिरणाऱ्या पंपातून पुढं काही येईना म्हणजे हवा धरली.

चैत्रातली गावची जत्रा आली. पालखीच्या दुसऱ्या दिवशी मटणाचा बेत असतो आणि त्या वर्षी गावजेवणाचा मान बाळासोकडं होता. त्यानं मांडव घातला तो पंपामागच्या रानात. ऊस नुकताच तुटलेला, जागा ऐसपैस, रस्त्याला लागून, पाहुण्यांना सोयीची. दीपमालानं ते बघितलं आणि ती तडक बाळासोपुढं उभी राहिली. ते रान खोलगट आहे, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर कुंपणाजवळच्या नालीतून सरळ तिकडं उतरेल, चूल तिथं पेटवू नका, असं तिनं सांगितलं.

"आवं मॅडम, गळतोय कशाला?" बाळासो म्हणाला. "शुभ बोला की जरा."

जेवणाच्या दिवशी सकाळीच आचारी पंपावर आले. तापलेली पातेली धरायला आणि झाकायला त्यांना गोणपाटं हवी होती. दीपमाला पुढं गाड्यांकडं होती. सुभेदार खुर्चीत होते. "ती काय पाइपाला बांधल्याती, न्या की," ते म्हणाले. आचाऱ्यांनी गोणपाटं सोडून नेली. सुभेदारांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पाइपापेक्षा मटण महत्त्वाचं, असंच त्या दिवशी कुणीही म्हटलं असतं.

दुपार चढली. जत्रेला आलेल्या रिक्षा आणि व्हॅन गॅससाठी रस्त्यापर्यंत ओळीनं उभ्या होत्या. जत्रेमुळं टँकर आला नव्हता आणि टाकीतला गॅस खाली गेला होता. अशात पंपाचा आवाज बदलला. आत कुणी खडी टाकल्यासारखी खरखर सुरू झाली आणि गाड्यांकडं गॅस जायचा थांबला.

दीपमालानं धावत जाऊन पंप बंद केला. उघडा पाइप तिला दिसला. तिनं त्याला हात लावून झटक्यात मागं घेतला.

"गोणपाटं कुणी नेली?"

"आचाऱ्यांनी. म्या दिली," सुभेदार कुंपणाच्या दारात उभे राहून म्हणाले.

  तिनं बारक्या पाइपाची चावी उघडली आणि पुढं येऊन ओळीतल्या लोकांना सांगितलं, की पाइप थंड होईपर्यंत पंप सुरू होणार नाही, थांबा नाहीतर कराडला जा. एकच गलका उठला. गुंडा नावाचा एक व्हॅनवाला, गावचाच, सुभेदारांना बघून ओरडला, "आवं काका, तुमी असताना पंप बंद? हवा धरली आसंल, काढा की! का गॅसची मोटर तुमाला जमत न्हाई?"

लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, जत्रेचं हसणं होतं. पण तेवढ्यात दीपमाला पाइपावर पाणी मारायची नळी आणायला पलीकडच्या नळाकडं जाता जाता वळून म्हणाली, "काका, तुम्ही आत कशाला हात लावू नका हं." अख्ख्या ओळीसमोर. रणगाडे उघडलेल्या माणसाला.

सुभेदार कुंपणाच्या आत गेले. ऑफिसच्या मागच्या भिंतीवर हुकाला पाना लटकत होता. पंपाआधी गॅस गाळायची जाळी असते, तिच्या डोक्यावर एक नट होता, अगदी मोटरीवरच्या नटासारखा. त्यांना वाटलं, पोरगी नळी घेऊन येईपर्यंत पंप गाड्यांना गॅस देत असेल आणि आपण मिशा पुसत उभे असू. त्यांनी पाना लावला आणि नट फिरवला.

फुस्स झालं नाही. किंकाळीसारखा आवाज झाला. पांढरं धुकं भस्सकन वर उसळलं, त्यांच्या उजव्या हाताला आग लागावी तशी थंडी चावली आणि पाना हातातून उडाला. नट परत बसवायला हात वळेना. कुजक्या कांद्यासारखा वास नाकात घुसला. सुभेदार मागं सरले, धडपडले आणि कुंपणाला पाठ लावून नुसते बघत राहिले. पुढं पाणी येतं, हवा संपते, असं काहीतरी व्हायची ते वाट बघत होते, आणि ते होत नव्हतं. धुकं वर जायच्या ऐवजी खाली बसलं आणि नालीला लागून रानाकडं सरकायला लागलं, जिथं चुलींवर मटण रटरटत होतं.

दीपमाला आली ती नळी टाकूनच. तिनं भिंतीवरचं लाल बटण हाणलं, टाकीची झडप बंद झाली, किंकाळी मंदावली. तिनं धुकं कुठं चाललंय ते बघितलं आणि रानाच्या दिशेनं जीव खाऊन पळत सुटली. "चुली विझवा! चुली विझवा!" ती ओरडत होती. आचारी तिच्याकडं बघत राहिले. मटणाची चूल कुणी विझवत असतं का? तेव्हा तिनं सगळ्यात अलीकडच्या चुलीवरचं पातेलं लाथ घालून आडवं केलं. तांबडा रस्सा फसफसत निखाऱ्यांवर सांडला. दुसरं पातेलं तिनं खांद्यानं ढकललं, पाण्याचं पिंप उलथवलं. तोवर वास मांडवात पोचला आणि मग माणसांना अक्कल आली. बायका पोरांना काखेत मारून पळाल्या, आचाऱ्यांनी उरलेल्या चुलींवर पाणी मारलं. धुकं ओल्या राखेवरून गेलं, विरलं आणि काहीच झालं नाही.

काहीच झालं नाही, हाच घोटाळा. भडका उडाला असता तर लोकांना कळलं असतं, की पोरीनं काय वाचवलं. भडका उडाला नाही, तेव्हा लोकांना दिसलं ते फक्त सांडलेलं मटण. जत्रेचं मटण, देवाला दाखवलेलं, शेजारच्या गावांचे पाहुणे ताटावर बसायच्या बेतात असताना, मातीत.

"कुणी सोडला गॅस?" बाळासो ओरडला. त्याचा सदरा घामानं भिजला होता.

दीपमाला धापा टाकत होती. तिचा एक पाय रश्शानं भाजला होता. तिनं सुभेदारांकडं बोट केलं. "काकांनी नट खोलला. मी सांगून गेले होते, हात लावू नका."

सगळा मांडव सुभेदारांकडं वळला. उजवा हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला होता, कधी घातला ते त्यांना आठवत नव्हतं. पंपावरचे कॅमेरे गाड्यांकडं तोंड करून होते. त्या वेळी कुंपणाच्या आत ते आणि दीपमाला दोघंच होते.

"काका?" बाळासोनं विचारलं.

व्हय, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. समोर गुंडा होता, सरपंच होते, पाहुणे होते, ज्यांच्या रानातल्या मोटरी त्यांनी चालू करून दिल्या होत्या असे सगळे होते. सुभेदारांच्या तोंडून निघालं ते असं, "पोरगी घाबरलीया रं. जाऊ दे बाळासो, तिला रागवू नगंस."

किती मोठ्या मनाचा माणूस, असं मांडवात एक बाई दुसरीला म्हणाली. ते सुभेदारांना ऐकू आलं. दीपमालानं त्यांच्याकडं नीट बघितलं. रागानं बघितलं असतं तर त्यांनी मान फिरवली असती. ती नवल वाटल्यासारखी बघत होती, एवढा मोठा माणूस असं करू शकतो हे तिला आत्ताच कळत होतं. संध्याकाळच्या आत बाळासोनं तिला कामावरून काढून टाकलं.

घरी रंगूबाईंनी हात बघितला. पंजावर पांढरे फोड आले होते, बोटं वळत नव्हती.

"रस्सा सांडला," सुभेदार म्हणाले.

रंगूबाईंनी हात नाकाजवळ नेला. "रश्शाचा वास येत न्हाई, आवं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हळद लावली, फडकं बांधलं आणि पुढं एक अक्षर विचारलं नाही. संसारात इतकी वर्षं त्यांनी नवऱ्याला टोमणे मारण्यात कसूर केली नव्हती. त्या गप्पपणानं सुभेदारांचा घास तोंडात फिरायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून वाट चालणं अवघड झालं. जो भेटेल तो कौतुक करायचा. पोरीनं आळ घेतला तरी काका तिच्यावर चिडलं न्हाईत, फौजेतली शिस्त, ह्याला म्हणायचं खानदानी. सुभेदार "बरं, बरं" म्हणत पुढं जायचे. रात्री झोप लागायची नाही. डोळे मिटले, की धुकं नालीतून सरकायचं आणि पलीकडं बायका भाकऱ्या थापत बसलेल्या दिसायच्या. मरायला ते फौजेत कधी घाबरले नव्हते. सगळ्या गावासमोर आपण चुकलो, एवढं म्हणायला मात्र त्यांची छाती झाली नव्हती. ह्या विचारानं त्यांना स्वतःचीच किळस यायची.

आठवडाभरानं ते बाळासोच्या ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं.

"बाळासो, त्यो नट म्या खोलला हुता."

बाळासोनं फोनवरून डोकं वर केलं नाही. "म्हाईत हाय मला."

"म्हाईत हाय?"

"तुमचा हात दिसत न्हाई व्हय काका मला? आन् ती पोरगी नट खोलंल? ती तर पाइपाला लुगडं नेसवत हुती." मग त्यानं वर बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता गप ऱ्हावा. तुमी घरचं, ती परकी. वर कंपनीला कळवलंया, बाईनं चुकून गॅस सोडला, बाईला काढली, मिटलं. काल मिरजेच्या गॅस भरायच्या कारखान्यातनं फोन आला हुता. तिथं अर्ज केलाय तिनं. म्या सांगितलं, ती हवेत गॅस सोडती, ठेवायची आसंल तर ठिवा बाबांनो." तो हसला. "आसल्यांस्नी सवलतीत डिप्लोमा मिळतोय, तुमीच म्हणला हुता की."

आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना सुभेदारांना ते मार्मिक वाटलं नाही.  म्हणजे पोरीची नुसती ही नोकरी गेली नव्हती, ह्या धंद्यात तिला पुढं कुणी दारात उभं करणार नव्हतं, आणि तिनं केलेलं काम काय, तर अख्खा मांडव वाचवला होता. ते उठून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाईंना फक्त "सांगलीला जाऊन येतो" म्हणाले. रंगूबाईंनी इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि म्हणाल्या, "येताना मान वर करून या." त्यांना सगळं कळलं होतं तर.

कराडला गाडी बदलून सुभेदार सांगलीला पोचले. पत्ता गुंडाकडून मिळाला होता, तो एकदा दीपमालाचं सामान सोडायला गेला होता. एका चौकाच्या आत, गल्लीच्या टोकाला बसकं पण नीटनेटकं घर. दारात एक ताठ म्हातारा पेपर वाचत बसला होता. सुभेदारांनी नाव सांगितलं मात्र, तो म्हातारा चटकन उठला, टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जय हिंद, साहेब!"

ते दीपमालाचे वडील, आप्पासाहेब. तेही फौजेतले, पण सुभेदारापेक्षा खालच्या हुद्द्यावर, नायक म्हणून निवृत्त झालेले. घरातली एकुलती गादीची खुर्ची त्यांनी सुभेदारांना दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. बायकोला, बनाबाईंना, चहा टाकायला सांगितलं. आतल्या दारात दीपमाला उभी होती. पायाला पट्टी होती. ती पुढं आली नाही.

"साहेब, तुमी कशाला तसदी घेतली?" आप्पासाहेब म्हणाले. "मीच येणार हुतो तिला घिऊन, माफी मागायला. पर कारटी ऐकत न्हाई. चूक केली तर केली, मानसानं कबूल करावी. ही तुमचं नाव घेती! मी म्हणलं, सुभेदार खोटं बोलंल व्हय? फौज बघितलीया मी. आमच्या सुभेदारसाहेबाच्या शब्दावर आमी गोळीपुढं गेलोय." त्यांनी आतल्या दाराकडं बोट केलं. "त्या दिवसापास्नं बोलत न्हाई मी तिच्याशी. लाज वाटती साहेब मला."

बनाबाईंनी आणून दिलेला चहाचा कप सुभेदारांनी तोंडाला न लावता खाली ठेवला.  गावातल्या मांडवात आपण फक्त एक नोकरी घालवली असं ते समजत होते. इथं तर ह्या पोरीच्या घरात, तिच्या बापाच्या आणि तिच्या मधोमध, आपलं सुभेदारपण जाऊन बसलं होतं.

"दीपा," आप्पासाहेब कडक आवाजात म्हणाले, "साहेब सवता आलंत. पुढं ये. पाया पड आन् माफी माग."

दीपमाला हलली नाही. बनाबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत होत्या. आप्पासाहेब परत ओरडले. आणि मग ती पोरगी, फटकळ, बाळासोला न भिणारी, बापाच्या डोळ्यांकडं बघून खरंच एक पाऊल पुढं आली. तिला भांडायचा कंटाळा आला होता. सुभेदारांच्या जिभेवर तेच जुनं वाक्य आलं, जाऊ द्या, पोरगी घाबरलीय. किती सोपं होतं ते. ते म्हणून चहा पिऊन निघता आलं असतं, आणि आप्पासाहेबांनी कोपऱ्यापर्यंत सोडायला येऊन परत सलाम ठोकला असता.

"थांब पोरी," सुभेदार म्हणाले. त्यांनी उजव्या हाताचं फडकं सोडलं आणि हात आप्पासाहेबांपुढं धरला. कातडी सोलवटून गुलाबी झाली होती. "हे रश्शानं भाजल्यालं न्हाई. गॅसनं गोठलंय. नट म्या खोलला. ती नगं म्हणून सांगून गेली हुती, तरी खोलला. वाफ परत टाकीत सोडायची आसती, ती म्या मोटरीची हवा समजून भायेर सोडली. तुमच्या लेकीनं चुली विझवल्या, म्हणून आमचं गाव जितं हाय. आन् समद्यांनी मला इचारलं तवा म्या..." त्यांनी हात तसाच पुढं धरून ठेवला. "तवा म्या खोटं बोललो. सुभेदार खोटं बोलला, आप्पासाहेब."

 बनाबाई पुढं झाल्या, सुभेदारांसमोरचा भरलेला कप उचलला आणि आत घेऊन गेल्या. आयुष्यात सुभेदारांच्या समोरून कुणी असा चहा उचलून नेला नव्हता. योग्य केलं, असंच त्यांना वाटलं.

दीपमालानं फोन काढला.  "मिरजेच्या मॅनेजरांचा नंबर लावते. इथं चार भिंतीत सांगून माझं काय व्हायचंय? त्यांना सांगा, नाव घेऊन."

सुभेदारांनी सांगितलं. स्वतःचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, नट कुणी खोलला, चूल कुणी विझवली, मांडवात कोण काय बोललं, बाळासो माझा पुतण्या आहे आणि त्यानं तुम्हाला जे सांगितलं ते खोटं आहे, हेही सांगितलं.  पलीकडचा माणूस म्हणाला, हे मला समोर येऊन, लिहून द्याल का? "आजच येतो," सुभेदार म्हणाले. पलीकडून उत्तर आलं, तसं असेल तर बाईंना सोमवारी मुलाखतीला पाठवा. दीपमालानं फोन बंद केला आणि ओढणीनं तोंड पुसलं. आभार मानले नाहीत. मानायचं काही नव्हतंच.

"गावातबी सांगणार हाय," सुभेदार म्हणाले. "मारुतीच्या देवळापुढं. समद्यांपुढं."

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

सुभेदार उठायला लागले. तेव्हा त्यांचं लक्ष आप्पासाहेबांकडं गेलं. एवढा वेळ म्हातारा स्टुलावर तसाच बसून होता, आणि त्याचा ताठ कणा कुठं गेला होता कोण जाणे. तो सुभेदारांकडं बघतच नव्हता. शिवी देईल, हाकलून देईल असं सुभेदारांना वाटलं होतं, तसं काहीच झालं नाही. आप्पासाहेबांनी मान खाली घातली होती ती लेकीपुढं.

"दीपा," ते म्हणाले. "मी तुला इचारलंच न्हाई गं, काय झालं हुतं त्ये. साहेबाचं नाव ऐकलं आन् तुलाच बोलत सुटलो. तुझा पाय कशानं भाजला, त्येबी इचारलं न्हाई."

दीपमाला इतके दिवस रडली नव्हती. ती आता रडायला लागली, बापाच्या पायाशी खाली बसून, लहान पोरीसारखी हमसून. आप्पासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

"सांग आता," ते म्हणाले. "पैल्यापास्नं सांग. मी ऐकतो."

ती सांगू लागली. उघड्या पाइपापासून, गोणपाटांपासून. सुभेदार अर्धवट उठलेले होते, त्यांना बस म्हणायला किंवा जा म्हणायला कुणाला सवड नव्हती. ते पुन्हा खुर्चीच्या कडेला टेकले आणि आपण काय केलं ते तिच्या तोंडून शेवटपर्यंत ऐकत राहिले.